बांध फोडणारा नायक आणि त्याचे वाचक

तुमचा प्रश्न आधी इतरांसाठी थोडक्यात मांडते. तुमच्या अद्भुतरम्य मालिकेचे दोन भाग वाचकांपर्यंत पोचले आहेत. पहिल्या भागाच्या शेवटी राज्याचा मुख्य पाटकरी, म्हणजे बांध आणि पाणी सांभाळणारा कान्हदेव, मध्यरात्री बांध फोडतो. शत्रूची फौज बुडते, राजधानी वाचते आणि खालच्या अंगाला असलेलं सोनखांब हे आपलंच गाव झोपेत वाहून जातं. दुसरा भाग बराचसा कान्हदेवाच्या नजरेतून आहे: त्याचं बालपण, दरबारात झालेला पाणउतारा, तापानं गेलेली मुलगी. आता निम्मे वाचक त्याला डोक्यावर घेऊन नाचताहेत आणि उरलेले तुम्हालाच विचारताहेत की नरसंहाराचं समर्थन करता का? तुम्ही विचारलंय, त्याला पश्चात्ताप करायला लावू, तिसऱ्या भागात मारून टाकू, की प्रस्तावनेत माझी भूमिका स्पष्ट करू?

तिन्ही नको. का, ते सविस्तर सांगते.

तुम्ही एवढं लांबलचक लिहिलंत, त्यात कान्हदेवाच्या आजोबांचंसुद्धा नाव आहे. सोनखांबमधल्या एकाही माणसाचं नाव नाही. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. वाचक एखाद्या पात्राला माफ करतो ते त्याच्या गुन्ह्याचं वजन करून नव्हे. ज्याला झळ बसली त्याला कथेत किती जागा मिळाली, यावर ते ठरतं. सोनखांब तुमच्या कथेत फक्त एक आकडा आहे, आणि आकड्याला माफ करायला कुणाला जड जात नाही.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की इंदूरला मी बरीच वर्षं मराठी अभिवाचनाचे कार्यक्रम बसवते, आणि लांब पल्ल्याच्या कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचून मत देते. अभिवाचनाचा फायदा असा की वाचकाचा चेहरा समोर असतो. छापील पुस्तक वाचताना माणूस कुठे थबकला, कुठे चुळबुळला, कुठे पुढचं पान उलटायची घाई झाली, हे लेखकाला कधीच कळत नाही. हॉलमध्ये ते लपत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधी कबूल करते. वाचक मालिका महिन्या-महिन्यानं वाचतोय की सगळे भाग एका बैठकीत, यानं मोठा फरक पडतो. मधल्या काळात माणसं पात्राबद्दल आपापसात बोलतात, बाजू घेतात, आणि एकदा चारचौघांत बाजू घेतली की पुढचा भाग ते वकिलासारखा वाचतात. वाचकाचं वय, तो ऐकतोय की वाचतोय, यानंही फरक पडतो. आणि सगळ्यात मोठा फरक पडतो तो त्यानं स्वतः काय भोगलंय यानं.

याचा एक अनुभव सांगते, कारण तो तुमच्या कथेच्या अगदी जवळचा आहे. राजेंद्रनगरात आमच्या एका बैठकीत अशाच एका हस्तलिखिताचा भाग वाचला होता. एक राजा राज्याच्या भल्यासाठी खोऱ्यातलं गाव बुडवतो. चहाच्या वेळी वाद रंगला. राजाला दुसरा पर्याय होता का, एका गावापेक्षा सगळं राज्य मोठं नाही का, वगैरे वगैरे. तेवढ्यात एका गृहस्थांनी विचारलं, "पाणी सोडायच्या आधी गुरं सोडली होती का?" त्यांची आई हरसूदची. इंदिरा सागर धरणासाठी २००४ साली उठलेलं ते गाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. लेखक समोरच बसला होता. त्यानं गुरांचा विचारच केला नव्हता. मग दुसऱ्या एकीनं विचारलं, गावात विहिरी किती होत्या? तिसऱ्यानं विचारलं, देवळातल्या मूर्तीचं काय झालं? वाद संपला नाही, पण त्याची जात बदलली. तोवर सगळे राजाच्या गच्चीवर उभे राहून खोरं बघत होते, आता ते खोऱ्यात उतरले. राजाची बाजू घेणारे त्यानंतरही होतेच. पण आता त्यांना वाक्याच्या सुरुवातीला "मान्य आहे, पण" म्हणावं लागत होतं.

त्या "मान्य आहे, पण"साठी आपण लिहितो. नैतिक गुंतागुंत म्हणजे पात्राला थोडे गुण, थोडे दोष वाटून देणं नाही. वाचकाला त्याची बाजू घेताना किंमत मोजावी लागणं, म्हणजे गुंतागुंत. तुमच्या वाचकांना कान्हदेव फुकट मिळालाय.

आता तुमच्या प्रकारातलंच सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेच्या २०११ मधल्या पहिल्याच भागात जेमी लॅनिस्टर एका लहान मुलाला मनोऱ्याच्या खिडकीतून ढकलून देतो. पोरगं जन्माचं अधू होतं. तरी तिसऱ्या पर्वापर्यंत प्रेक्षक जेमीच्या बाजूनं व्हायला लागले होते. मूळ कादंबऱ्यांत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. पहिल्या दोन खंडांत एकही प्रकरण जेमीच्या नजरेतून नाही. ती सुरू होतात २००० साली आलेल्या तिसऱ्या खंडात. तोवर आपण त्याला इतरांच्या डोळ्यांनी बघत होतो. मग त्याचा हात तुटतो, पूर्वी एका वेड्या राजाला मी का मारलं हे तो सांगतो, आणि आपलं मत फिरतं. खिडकीबद्दल त्यानं तोवर कुणाची माफी मागितलेली नसते. बदलतो तो फक्त आपला बसायचा पाट.

त्याच मालिकेतल्या डनेरिस या राणीचं उदाहरण याच्या नेमकं उलट, आणि तुमच्यासाठी जास्त कामाचं. चौथ्या पर्वात ती १६३ गुलाममालकांना खांबांवर खिळे ठोकून मारते, कारण त्यांनी तेवढीच मुलं तशी मारली होती. प्रेक्षक खूश. पुढे लगेच एक जण दरबारात येऊन सांगतो की त्या १६३ मध्ये माझे वडील होते, मुलांना मारायला त्यांनी विरोध केला होता, निदान त्यांचं प्रेत तरी उतरवू द्या. त्याच पर्वाच्या शेवटी एक बाप आपल्या मुलीची जळकी हाडं फडक्यात बांधून आणतो. डनेरिसच्या ड्रॅगननं जाळलेली. म्हणजे लिहिणाऱ्यांनी जागा दिली होती, पण इवलीशी. एक-एक प्रसंग, आणि तोही तिच्या सिंहासनासमोर, तिच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते दाखवण्यासाठी. मग मे २०१९ मध्ये ती अख्खं शहर जाळते, आणि त्या वेळी कॅमेरा तिला सोडून गल्लीत उतरतो. एक आई, तिची लहान मुलगी, धूर, राख. डनेरिसचा चेहरा आपल्याला दिसतच नाही. ज्या प्रेक्षकाला इतकी वर्षं ड्रॅगनच्या पाठीवर बसवलं होतं, त्याला एका भागात ड्रॅगनच्या खाली उभं केलं. केवढा भडका उडाला! शेवटचं पर्व पुन्हा चित्रित करा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. लोकांच्या तक्रारी अनेक होत्या, घाई झाली ही त्यातली मोठी. पण मला विचाराल तर जळणारी माणसं आधीपासून थोडी-थोडी दिसत राहिली असती, तर लोकांना धक्का बसला असता, फसवणूक वाटली नसती.

आपल्याकडचं बघायचं तर कर्णाएवढा मोठा दाखला दुसरा नाही. १९६७ साली 'मृत्युंजय' आली आणि मराठी वाचकाच्या मनातला कर्ण कायमचा बदलला. त्या कादंबरीत सहा जण बोलतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. द्रौपदी बोलत नाही. द्यूतसभेत तिला 'बंधकी', म्हणजे कुलटा, म्हणणारा आणि तिची वस्त्रं उतरवायला सांगणारा महाभारतातला कर्ण आपल्याला माहीत असतो. पण ज्या बाईला ते ऐकावं लागलं तिच्या शेजारी ही कादंबरी आपल्याला बसवत नाही. ती तिची उणीव म्हणत नाही मी, लेखकानं ठरवून केलेली निवड आहे आणि ती किती परिणामकारक ठरली हे घरोघरी दिसतं. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं महाभारतातल्या व्यक्तींवरचं 'युगान्त' आलं. तिथला कर्ण वाचून बघा. माणूस तोच, सभा तीच. आमच्या गटात मी ही दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचायला देते आणि मग गंमत बघते.

कर्णाचा दाखला तुमच्या पश्चात्तापाच्या प्रश्नालाही लागू पडतो. उद्योगपर्वात कर्ण कृष्णाला सांगतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कडवट बोललो, त्याची मला आता खंत वाटते. सरळसरळ कबुली आहे. कर्णाच्या भक्तांपैकी कितीजणांना ती आठवते? त्यांना गरजच नसते, त्यांनी त्याला आधीच माफ केलेलं असतं. आणि ज्यांना तो आवडत नाही ते म्हणतात, आता बोलून काय उपयोग! पश्चात्तापाचं प्रकरण लिहिलंत तर तुमचंही हेच होईल. उलट आणखी एक तोटा. पश्चात्ताप हाही शेवटी कान्हदेवाचाच प्रसंग. त्याचे अश्रू, त्याच्या अपरात्री, त्याचं मन. सोनखांब बुडालं ते बुडालं, वर त्याच्या दुःखाचं भांडवलही कान्हदेवालाच.

मारून टाकण्याचं तर नावच काढू नका. रथाचं चाक रुतलंय आणि कर्ण धर्माची आठवण करून देतोय, हा प्रसंग आठवा. कृष्ण तिथेच विचारतो की द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता? सगळा हिशेब ऐन वेळी मांडलेला आहे. वाचकाला काय आठवतं? रुतलेलं चाक. मरणारा माणूस हिशेबाच्या बाहेर जातो. कान्हदेवाला मारलंत तर तो देव्हाऱ्यातच बसेल.

कुठली गोष्ट आधी सांगितली, याचाही जोर फार असतो. इंदूरला राहणाऱ्या मराठी माणसाला यशवंतराव होळकरांची कथा ऐकताना सहसा विठोजींचा मृत्यू आधी ऐकवला जातो. १८०१ साली दुसऱ्या बाजीरावानं यशवंतरावांच्या या भावाला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. मग २५ ऑक्टोबर १८०२ ची हडपसरची लढाई येते, ऐन दिवाळीत, आणि ऐकणारा म्हणतो, बरं केलं. त्यानंतर इंग्रजांशी दिलेली झुंज, १८०४ मध्ये मॉन्सनच्या फौजेची उडवलेली दाणादाण. पुण्यात वाढलेल्या माझ्या नणंदेनं हीच कथा दुसऱ्या टोकाकडून ऐकलेली: लढाईनंतर शहरातून झालेली जबरदस्तीची वसुली आणि लूट, पळालेला पेशवा, त्यातून झालेला वसईचा तह. विठोजी तिला नंतर कळले. दोघींच्या माहितीत आज फारसा फरक नाही, तरी दिवाळीला विषय निघाला की आम्ही अजून भांडतो. आधी ऐकलेलं मनात घर करतं आणि नंतरचं त्या घरात भाडेकरू म्हणून राहतं.

तुम्ही बांध आधी सांगितलात आणि मेलेली मुलगी नंतर, हे चांगलं केलंत. उलटा क्रम असता तर आज तुम्हाला रागाची पत्रं आलीच नसती आणि ते जास्त वाईट होतं. पण दुसरा भाग जवळपास त्यालाच देऊन तुम्ही तो क्रम बराच पुसून टाकलात.

आता तिसऱ्या भागाचं. पहिलं प्रकरण सोनखांबच्या कुणाला तरी द्या. वाचलेल्या माणसाला द्या, मेलेल्याला नको, कारण मेलेल्याचं प्रकरण हमखास भावगीत होतं. सूड घ्यायला निघालेला तरुण तर मुळीच नको, तो आला की वाचक लगेच दोघांची कुस्ती लावून मोकळा. मला एखादी मध्यमवयीन बाई चालेल, जी त्या रात्री माहेरी गेली होती म्हणून वाचली आणि आता राजधानीत कुणाच्या तरी घरी भांडी घासते. म्हणजे कान्हदेवानं वाचवलेल्या शहराचंच मीठ खाते. तिला भाषण देऊ नका. तिच्या कामाचं लिहा, गावातल्या कुठल्या घराशेजारी कुठलं घर होतं ते तिला आठवू द्या, शेजारणीकडे राहिलेली उसनी परात आठवू द्या. आणि जमल्यास तिला कान्हदेव चांगला माणूस वाटू द्या! त्यानं तिच्या पोराला काम लावून दिलंय, असं काहीतरी. दोघांची समोरासमोर गाठ घालायची घाई करू नका. कदाचित घालूच नका.

एक मोह टाळा. अभिवाचनात मला पुन्हा पुन्हा दिसलंय की श्रोते मोठे गुन्हे पचवतात आणि क्षुद्रपणा पचवत नाहीत. एका हस्तलिखितात सत्तेसाठी भावाचे डोळे काढणारा राजपुत्र होता. लोकांनी ते निवांत ऐकून घेतलं. पुढे त्यानं म्हाताऱ्या दाईचे महिन्याचे पैसे कापले, तर मागच्या रांगेतून आवाज आला, "हद्दच झाली भिया!" डोळे काढणारा कुणाला भेटलेला नसतो, पैसे कापणारा गेल्याच महिन्यात भेटलेला असतो. त्यामुळे कान्हदेवाची हवा काढायची तर सोपा उपाय आहे: त्याला नोकराच्या अंगावर खेकसू द्या, काम फत्ते. पण ही लबाडी झाली. बांधाचा प्रश्न बांधावरच सोडवायला हवा. वाचकाला दुसऱ्याच कारणासाठी चिडवून तुम्ही मूळ प्रश्नापासून पळ काढता.

रागावलेल्या वाचकांबद्दल. त्यांची पत्रं दोन गठ्ठ्यांत लावा. काहीजण काय घडलं यावर भांडत असतील: गावाला इशारा दिला होता की नव्हता, शत्रू किती जवळ आला होता, दुसरा मार्ग होता का. हे भांडण वाचकांचं नाही, तुमचं आहे. मजकुरात ते धूसर राहिलंय, पुढच्या आवृत्तीत नीट करा. संदिग्ध घटनेला गुंतागुंत म्हणायची पद्धत पडलीय, मला ती मान्य नाही. घटना लख्ख हवी, निवाडा कठीण हवा. दुसऱ्या गठ्ठ्यातले लोक, काय घडलं हे मान्य करून, ते योग्य की अयोग्य यावर भांडत असतील. त्यांना भांडू द्या, मध्ये पडू नका.

जे तुमच्यावरच आरोप करताहेत त्यांचंही फार मनाला लावून घेऊ नका. निळू फुले राष्ट्र सेवा दलातले कार्यकर्ते होते. पडद्यावरच्या त्यांच्या पाटलाला लोकांनी किती शिव्या घातल्या! मात्र दुसऱ्या टोकाच्या चाहत्यांकडे जरा बारकाईनं बघा. कान्हदेवाचं चित्र लावून मिरवणारे सगळे क्रूर नसतात. बऱ्याच जणांना त्याचा ठामपणा हवा असतो, रोजच्या आयुष्यात न घेता येणारा निर्णय कुणीतरी घेतला याचं अप्रूप असतं. त्यांना झिडकारणारं प्रकरण लिहू नका. भांडी घासणाऱ्या बाईचं प्रकरण त्यांनीही वाचायचं आहे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रेक्षकांच्या प्रतिसादांची यादीच दिली आहे. स्मित, अर्धहास्य, अतिहास्य, 'साधु' (शाबास), 'अहो', 'कष्टम्' (अरेरे) अशी ती मानुषी सिद्धी, म्हणजे प्रयोगाला माणसांकडून मिळालेलं यश. आणि प्रेक्षागृह भरलेलं असून आवाज नाही, गडबड नाही, ती दैवी. तुम्हाला सध्या 'साधु' आणि 'कष्टम्' दोन्ही एकाच वेळी भरपूर मिळतंय. दुसऱ्या भागावर एवढं मिळणं वाईट नाही.

प्रस्तावनेचा प्रश्न राहिला. लिहू नका. लेखकाची भूमिका कळली की वाचक एक तर तुमच्याशी सहमत होतो किंवा तुमच्याशी भांडतो, पुस्तक बाजूला राहतं. त्याऐवजी पहिलं प्रकरण झालं की घरातल्या कुणाला तरी ते मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही नुसतं ऐका. स्वतः वाचू नका, कारण लेखक वाचताना लाडक्या पात्राच्या नावाशी नकळत आवाज खाली आणतो. वाचणारा सोनखांबच्या घरांची नावं घेताना अडखळला, तर ती नावं बदला. जिभेवर सहज येणारी हवीत, खऱ्या गावातल्यासारखी. आणि गुरांचं काय झालं, ते विसरू नका.